मदत हवी आहे: आमचंच नाव हुबळीत दुसऱ्याने लावलंय, कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते का?

मिरची_कांडप: सांगलीत आमचा मसाल्याचा धंदा आहे, बेळगाव-धारवाडलाही माल जातो. आता हुबळीत एकाने तेच नाव, तसंच लाल-पिवळं पाकीट काढलंय. आमच्याकडे गुमास्ता, जीएसटी, फूड लायसन्स सगळं आहे. कर्नाटकात परत नोंदणी करायची का? नवीन पाकिटं छापायला टाकायची आहेत, लवकर सांगा.

झणझणीत: ट्रेडमार्क केलाय का? तेवढं सोडून सगळं सांगितलंत.

मिरची_कांडप: गुमास्त्यावर नाव आहे की!

झणझणीत: गुमास्ता दुकानाचा, त्याने नावावर हक्क मिळत नाही. राज्यवार नोंदणी नसतेच. 1999 चा ट्रेडमार्क कायदा केंद्राचा, एक नोंदणी देशभर चालते. मुख्य दुकान सांगलीत, म्हणून अर्ज मुंबई रजिस्ट्रीकडे, तोही ऑनलाइन. फॉर्म टीएम-ए, मसाल्यांचा वर्ग 30. लोणचं विकत असाल तर 29 वेगळा. प्रोप्रायटरला (एकट्याच्या मालकीचा धंदा) किंवा उद्यम (सूक्ष्म-लघुउद्योग) नोंदणी असलेल्याला प्रत्येक वर्गाला 4500, बाकीच्यांना 9000. शब्द आणि लोगो वेगवेगळे टाका. एकत्र टाकलात तर उद्या लोगो बदलल्यावर पंचाईत.

फुकटसल्ला: कशाला एवढं? प्रायव्हेट लिमिटेड काढा. नाव एकदा मिळालं की कुणाच्या बापाला घेता येत नाही.

खटलेबाज: दुसऱ्या कंपनीला घेता येत नाही, इतकंच. हुबळीवाला प्रोप्रायटर असेल तर त्याच्या पाकिटावर काय छापलंय हे कंपनी रजिस्ट्रार बघत नाही. मिरचीभाऊ, नाव कधीपासून वापरताय? आणि त्याने अर्ज टाकलाय का? ट्रेडमार्कच्या पब्लिक सर्चमध्ये वर्ग 30 घालून वर्डमार्क (तोच शब्द) आणि फोनेटिक (सारखा उच्चार), दोन्ही शोधा.

शुभांक: नावात एक 'अ' वाढवा. वेगळंही होईल आणि बेरीज 6 येईल.

खटलेबाज: फोनेटिक सर्च मग कशासाठी असतो?

मिरची_कांडप: आमचं 2006 पासून. त्याचा अर्ज सापडला. वापर 2021 पासून म्हणतोय, पुढे 'अ‍ॅक्सेप्टेड अँड अ‍ॅडव्हर्टाइज्ड' लिहिलंय. म्हणजे गेलं का नाव?

खटलेबाज: हे आधी सांगायचं! गेलं नाही, पण घड्याळ सुरू झालंय. त्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलाय, त्या जर्नलची तारीख बघा. तिच्यापासून 4 महिन्यांत टीएम-ओ भरून विरोध नोंदवायचा, ऑनलाइन 2700. ही मुदत वाढवून मिळत नाही. नोटीस मिळाल्यावर त्याला उत्तराला 2 महिने. दिलं नाही तर अर्ज बाद. मुदत हुकली तरी कलम 34 मध्ये आधीच्या वापरणाऱ्याला संरक्षण आहे. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये आधीच्या वापराला नोंदणीपेक्षा वरचढ मानलं. पण ती कोर्टाची वाट, पैसा खाते.

तुमचा अर्जही लगेच टाका, 2006 चा वापर दाखवून. सोबत अ‍ॅफिडेव्हिट आणि जुन्यात जुनी बिलं, ज्यांवर ब्रँडचं नाव छापलंय अशी. नुसतं 'मिरची पावडर 10 किलो' असलेलं बिल इथे कामाचं नाही. आणि अर्ज कुणाच्या नावाने टाकणार?

मिरची_कांडप: गुमास्ता बाबांच्या नावावर, जीएसटी 2017 पासून माझ्या.

झणझणीत: मग 2006 चा वापर बाबांचा. आधी त्यांच्याकडून असाइनमेंट डीड (नावाचा हक्क तुमच्याकडे देण्याचा करार) करून घ्या आणि अर्जात त्यांना पूर्वीचे मालक दाखवा. नाहीतर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. छपाईबद्दल: नावापुढे 'टीएम' चालेल. गोलातला आर नोंदणीआधी छापलात तर कलम 107 खाली आर्थिक दंड; 2024 पर्यंत तीन वर्षांपर्यंत कैद होती.

गोंयकार: डॉट इन डोमेन घेतलंत का?

जमाखर्च: थोडं अवांतर. जीएसटी कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची कमी कराची योजना) आहात का?

मिरची_कांडप: हो. त्याचा इथे काय संबंध?

जमाखर्च: कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही. बेळगाव-धारवाडची बिलं अ‍ॅफिडेव्हिटला जोडण्याआधी सीएला दाखवा.