शब्दचर्चा : ‘संकरित भ्रूण’ की ‘मिश्रपेशी भ्रूण’?

प्रश्न : माकडाच्या भ्रूणात माणसाच्या मूलपेशी (ज्यांपासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी घडू शकतात अशा पेशी) सोडण्याच्या प्रयोगाला मराठीत ‘संकरित भ्रूण’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

उत्तर १ : माझ्या मते नाही. संकरात दोन जातींच्या बीजांचा संयोग होतो आणि त्यातून एकच नवी पेशी तयार होते. म्हणूनच खेचराच्या प्रत्येक पेशीत घोडी आणि गाढव या दोघांचाही वारसा असतो. माकडाचा हा भ्रूण मात्र ‘कायमेरा’ आहे आणि कायमेरात तसे घडत नाही. तिथे दोन जातींच्या पेशी एकाच देहात शेजारी शेजारी वाढतात, पण प्रत्येक पेशी आपापल्या जातीचीच राहते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १३२ माकड-भ्रूणांमध्ये प्रत्येकी २५ मानवी मूलपेशी सोडल्या होत्या. त्यांपैकी मोजकेच भ्रूण एकोणीस दिवसांपर्यंत टिकले आणि एकही भ्रूण गर्भाशयात रुजवला गेला नाही. अशा भ्रूणाला ‘कायमेरा’ किंवा ‘मिश्रपेशी भ्रूण’ म्हणावे.

‘सायब्रिड’ हा तिसराच प्रकार आहे. गायीच्या अंडपेशीतले केंद्रक काढून तिथे मानवी पेशीचे केंद्रक बसवले, की केंद्रकातला डीएनए माणसाचा असतो आणि गायीचा राहतो तो फक्त तंतुकणिकांमधला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांमधला) अल्पसा डीएनए. संशोधनासाठी मानवी अंडपेशी फार कमी मिळतात, म्हणून ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे २००८ साली हा मार्ग अवलंबला गेला. त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने हे सारे प्रकार वेगवेगळे नोंदवले, असे भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवण्यास मनाई केली आणि ते स्त्रीच्या किंवा प्राण्याच्या गर्भाशयात ठेवण्यावरही बंदी घातली.

उत्तर २ : भेद मान्य आहे, पण तो प्रयोगशाळेपुरता आहे. सामान्य वाचकाची अस्वस्थता तिन्ही बाबतींत एकच असते.

उत्तर १ : अस्वस्थता एक असली, तरी विचारायचे प्रश्न एक नाहीत. संकराबाबत ‘हा जीव कोण?’ असे विचारावे लागते. कायमेराबाबत मात्र मानवी पेशी किती आहेत आणि त्या कुठे पोहोचल्या आहेत, हे विचारणे भाग आहे. २०१७ सालच्या अशाच एका प्रयोगात डुकराच्या गर्भांतील मानवी पेशींचे प्रमाण लाखात एखादी इतके अल्प होते. २०२३ साली चीनमधील संशोधकांनी आधी डुकराच्या भ्रूणाची मूत्रपिंड घडवण्याची क्षमता जनुकीय बदलाने काढून घेतली आणि ती रिकामी जागा मानवी पेशींना दिली. चार आठवड्यांपर्यंत वाढवलेल्या त्या गर्भांच्या मूत्रपिंडांत निम्म्याहून अधिक पेशी मानवी होत्या, मात्र मेंदूत आणि मज्जारज्जूत अगदी तुरळक आढळल्या. नैतिक चर्चा अडते ती या तुरळक पेशींपाशी. मूत्रपिंडातील मानवी पेशींमुळे त्या प्राण्याच्या जाणिवेत फरक पडत नाही, मेंदूत त्या वाढल्या तर पडू शकतो. आणि बीजांडकोशात किंवा वृषणात त्या शिरल्या, तर पुढच्या पिढीचा प्रश्न उभा राहतो. ‘संकरित’ म्हटले की सगळा प्राणीच अर्धा माणूस झाल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि कोणता अवयव, किती पेशी, ही चौकशी वाचक करतच नाही. म्हणून या प्रयोगाविषयी ‘मानवी पेशींचे मूत्रपिंड असलेला डुकराचा गर्भ’ असे लिहिले जावे, असा माझा आग्रह आहे. शब्द चार वाढले तरी चालतील.