गोलघुमट आणि मुंबईचे जीपीओ

मुंबईचे जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, ही विजापूरच्या गोलघुमटाची निव्वळ नक्कल आहे, हे मत मला अर्धवट वाटते. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या घुमटासाठी वास्तुविशारद जॉन बेग यांनी गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला हे खरे. परंतु तेथे घुमटाखाली मोहम्मद आदिलशहाची कबर आहे, तर येथे खिडक्यांपुढच्या रांगा आणि शिक्क्यांची खटखट, आणि एवढ्या वर्दळीला पुरेल असे दालन उभारणे हे कामच निराळे होते. दगडही काळा, पिवळसर आणि ध्रांगध्र्याचा पांढरा. आमच्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जीपीओ मात्र नंतरचे असूनही, म्हणजे १९२१ चे, व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी वळणाचेच राहिले, याचे मला नवल वाटते.