'मॅनिफेस्ट डेस्टिनी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. एकोणिसाव्या शतकात तो देश पश्चिमेला थेट पॅसिफिकपर्यंत पसरला, त्यामागच्या भूमिकेला 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' म्हणतात. 'प्रकट नियती' वाचून काहीच बोध होत नाही. 'विधिलिखित' चालेल का?

उत्तर: चालेल की. टळत नाही ते विधिलिखित. शब्दही सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

उत्तर: मला नाही पटत. 'विधिलिखितच होतं' हे आपल्याकडे गमावणाऱ्याच्या तोंडी येतं. इथे बोलणारा घेणारा आहे. टेक्सस अमेरिकेत सामील करून घेण्याचा वाद चालू असताना, १८४५ साली, पत्रकार जॉन ओसलिव्हन यांच्या नियतकालिकात हा शब्दप्रयोग आला. दरवर्षी लाखांनी वाढणाऱ्या आमच्या लोकांसाठी ईश्वराने हा खंड नेमून दिलाय, तो आम्ही व्यापणारच, अशी ती मांडणी. त्याच डिसेंबरात वायव्येकडच्या ऑरेगॉन प्रदेशावरून ब्रिटनशी चाललेल्या वादात तर सरळ 'हक्क' हा शब्द वापरला गेला. म्हणून मी 'ईश्वरदत्त हक्क' म्हणेन.

प्रश्नकर्ती: 'ईश्वरदत्त' आवडलं. पण मग 'मॅनिफेस्ट' कुठे गेलं?

उत्तर: ते गाळू नका, सगळी मेख तिथेच आहे. मूळ लॅटिन शब्दात 'हात' दडलेला आहे. आपल्या 'हस्तामलकवत्'च्या किती जवळ! तळहातावरच्या आवळ्याइतकं स्पष्ट, म्हणून पुरावा मागायचाच नाही. अमेरिकेच्या राजकीय भाषेत ही ढब आधीपासून आहे. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व माणसं समान असल्याचं सत्य 'स्वयंसिद्ध' म्हटलं, तेव्हा समोर इंग्लंडचा राजा होता. १८४५ला त्याच थाटात जमीन मागितली गेली, आणि त्या जमिनीवर माणसं राहत होती. खरं तर वागणं शब्दाच्याही आधीचं. मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा १८३०चा. १८३८मध्ये सैन्य लावून त्यांच्यातल्या चेरोकी जमातीला घराबाहेर काढलं, छावण्यांत आणि वाटेत हजारो दगावले. मग १८४६ ते १८४८ मेक्सिकोशी युद्ध, आणि शेवटी दीड कोटी डॉलर देऊन कॅलिफोर्नियासह प्रचंड मुलूख पदरात पाडून घेतला.

उत्तर: भर घालतो. हे तेव्हाच्या सगळ्या अमेरिकनांना 'उघड' दिसत नव्हतं, हे लेखात यायलाच हवं. जानेवारी १८४६मध्ये रॉबर्ट विन्थ्रॉप यांनी प्रतिनिधीगृहात या शब्दाची खिल्ली उडवली. असा हक्क जगात दुसऱ्या कुठल्या राष्ट्राला कोणी मान्य करेल का, हा त्यांचा रोख. पुढच्या वर्षी याच सभागृहात आलेल्या लिंकन यांनी, मेक्सिकोने आपल्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं म्हणून युद्ध, असं सांगणाऱ्या अध्यक्ष पोल्क यांना विचारलं की ते रक्त नेमकं कोणत्या जागी सांडलं ते दाखवा, ती जागा आपली होती का? विरोधकांची ही परंपरा मला त्या देशाच्या मूळ आदर्शांच्या जास्त जवळची वाटते.

प्रश्नकर्ती: मग 'स्वयंसिद्ध ईश्वरी हक्क' करू?

उत्तर: करा, १७७६शी असलेला धागा त्यात टिकतो. पहिल्या उल्लेखात 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' देऊन लगेच हा अर्थ द्या. फक्त वाक्य 'अमेरिकेचा हक्क होता' असं नको, 'विस्तारवादी तो आपला हक्क मानत' असं लिहा.