मातीच्या जोडाईच्या जुन्या भिंतीला ओल आणि लोणा, उपाय सांगा

आर्वीकडचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. आजोबांच्या काळचं घर आहे. जोतं दगडाचं, वर विटा, जोडाई मातीची, छपराला कवेलू. काही वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून ऑइल पेंट मारला. आता मधल्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली राहते. लोणा म्हणजे क्षाराची पांढरी भुकटी सुटते, रंगाचे पोपडे निघतात, ठोकलं की प्लास्टर पोकळ वाजतं. तिथंच तुरीची पोती असतात, खालच्या थराला बुरशी लागली. दुकानदार वॉटरप्रूफ केमिकल मारा म्हणतो. आईला दमा आहे, म्हणून काळजी वाटते.

अकोल्याहून:
आम्ही चार फुटांपर्यंत टाइल्स लावून घेतल्या. भिंत एकदम साफ दिसते.

मिस्त्री, दारव्हा:
टाइल्सनं ओल दिसत नाही, जात नाही. तिला निघायला जागा नसली की ती आणखी वर चढते. टाइल्सच्या वरची कड हात लावून पाहा.

आर्वीचे भाऊ, पैसे लावायच्या आधी पाणी कुठून येते ते धरा. डाग वरून खाली उतरला असेल तर कवेलू सरकलं. एकाच जागी, भर मे महिन्यातही ओलं राहत असेल तर मागची न्हाणी नाहीतर पाइप. जमिनीपासून सरळ पट्टा वर आला आणि त्याच्या कडेला लोणा असेल तर पाणी पायातून चढते. शंका असली तर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं भिंतीवर पक्कं चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतली. आणि बाहेरची जमीन जोत्याच्या किती खाली आहे?

आर्वीकडचा शेतकरी:
दादा, थेंब भिंतीकडच्या बाजूला आले. न्हाणी दुसऱ्या टोकाला आहे. पण समोरचा सिमेंट रस्ता उंच झाला, मग आम्हीही अंगणात भर टाकली. आता जोतं वीतभरच दिसते.

मिस्त्री, दारव्हा:
मग कारण तिथंच आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पाऊस उघडला तरी पाया ओलाच राहतो. जुन्या घरांत जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे खालची ओल अडवणारा, थर नसतो. आधी ते पाणी चुन्या-मातीतून चढून भिंतीवरच वाळून जायचं, सिमेंट आणि ऑइल पेंटनं ती वाट बंद झाली.

भर काढून अंगण जोत्याच्या खाली न्या, उतार घरापासून बाहेर द्या. वळचणीचं पाणी नालीत सोडा. भिंतीलगत पायाच्या तळापेक्षा खोल खोदू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, पाया हलतो.

दिवाळीनंतर प्लास्टर दोन्हीकडून काढा, ओलीच्या रेषेच्या वर आणखी हातभर. हे टाळू नका, लोणा प्लास्टरमध्ये मुरलेला असतो आणि पावसाळ्यात तोच हवेतलं पाणी ओढतो. भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून गावाबाहेर टाका. धुतली तर परत भिंतीत मुरते. आईला त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवा, धूळ फार उडते.

मग भिंत उघडी ठेवा. इंचभर जाडी वाळायला साधारण महिना लागतो, म्हणजे जाड भिंतीला उन्हाळाही पुरत नाही. घाई करू नका. नंतर एक भाग चुना, तीन भाग धुतलेली रेती. चुना आधी निदान पंधरा दिवस पाण्यात भिजू द्या, कच्चा राहिला तर प्लास्टरला फोड येतात. आपल्याकडच्या उन्हात तो भराभर वाळून भुगा होतो, म्हणून ओली पोती लटकवून सावली करा. वरून चुन्याचीच सफेदी, ऑइल पेंट नाही.

आर्वीकडचा शेतकरी:
अंगणाची भर या आठवड्यात काढतो, तुरीची पोती आजच फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवतो. चुना मळणारा माणूस तुमच्याकडं कोणी आहे का?

मिस्त्री, दारव्हा:
आहेत दोघं, म्हातारे आहेत पण हात पक्का आहे. भिंत वाळली की सांगा, मी घेऊन येतो.