विषय : सभासदांची मेल नव्या सर्व्हरवरून – डोमेनमध्ये काय भरायचं?

प्रेषक : सचिव

नमस्कार मंडळी,
कोजागिरीचं आमंत्रण मंगळवारी ६४० पत्त्यांवर गेलं. तेव्हापासून "यंदा कार्यक्रम नाही का?" असे फोन सुरू आहेत. बहुतेकांना ते स्पॅममध्ये सापडलं, काहींना सापडलंच नाही. दूध किती आणायचं याचा अंदाज बांधता येईना. एकगठ्ठा मेलसाठी आपण घेतलेल्या नव्या सेवेने डोमेनमध्ये (मंडळाच्या इंटरनेटवरच्या नावाच्या नोंदींमध्ये) भरायला चार ओळी दिल्यात. पॅनेलमध्ये एमएक्सही दिसतोय. तोही बदलायचा ना?

प्रेषक : वेबसाइट समिती

ताई, एमएक्सला अजिबात हात लावू नका. आपल्याकडे येणारी पत्रं कुठे उतरवायची एवढंच तो सांगतो. तो बदललात तर हॉलवाल्यांची उत्तरंसुद्धा आपल्या पेटीत यायची थांबतील. आपल्याला फक्त जाणाऱ्या पत्रांचं बघायचंय.

सर्वांत जपून करायची ती एसपीएफची ओळ. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, त्याची ही यादी. समितीच्या रोजच्या मेलसाठी ती आपल्याकडे आधीच आहे. सेवेने दिलेली ओळ तिच्याखाली वेगळी टाकलीत तर दोन्ही वाया जातील, कारण एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुनीच ओळ उघडा आणि शेवटच्या 'ऑल'च्या आधी नव्या सेवेचा 'इन्क्लूड' (तिचे सर्व्हर यादीत धरा, असं सांगणारा शब्द) घाला. तिथे जुन्या तिकीटविक्रीचा 'इन्क्लूड' अजून पडून आहे, तो काढा. प्रत्येक 'इन्क्लूड'साठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, शोध घ्यावा लागतो आणि ही ओळ तपासताना असे दहापेक्षा जास्त शोध लागले तरी ती नापास होते.

डीकेआयएमचे (पत्रावरच्या डिजिटल सहीचे) दोन सीनेम, म्हणजे सेवेच्या नोंदींकडे बोट दाखवणाऱ्या ओळी, दिलेत तसे भरा. सेवा प्रत्येक पत्रावर सही करते आणि ती पडताळायची किल्ली या नोंदींतून मिळते. आपले कितीतरी सभासद कॉलेजच्या जुन्या पत्त्यावरून मेल पुढे वळवून घेतात. तिथे पत्र यादीबाहेरच्या सर्व्हरवरून येतं, म्हणून एसपीएफ तुटतो, पण मजकुराला धक्का लागला नाही तर सही टिकते. म्हणून माझा भर सहीवर आहे.

चौथी ओळ डीमार्कची. एसपीएफ किंवा सही यांपैकी काहीच 'प्रेषक' पत्त्याच्या डोमेनशी जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, ते ती सांगते. सध्या 'पी=नन' (म्हणजे अडवू नका) ठेवा, अहवाल समितीच्या पत्त्यावर मागवा. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा केलाय. आपण त्यात बसत नाही, तरीही तो हवाच.

आणि 'प्रेषक' म्हणून मंडळाच्याच डोमेनचा पत्ता द्या. मंगळवारी अध्यक्षांचा याहूचा पत्ता होता. याहूच्या पत्त्याने दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेलं पत्र नाकारा, असं याहूनेच २०१४ पासून जाहीर केलेलं आहे. कितीही नोंदी भरल्या तरी त्यावर इलाज नाही.

प्रेषक : सचिव

सगळं भरलं. एसपीएफ हिरवा झाला. डीकेआयएम मात्र चार तास झाले तरी "सापडत नाही". होस्टच्या (नोंदीच्या नावाच्या) रकान्यात त्यांनी दिलेलं अख्खं नाव जसंच्या तसं चिकटवलंय.

प्रेषक : वेबसाइट समिती

तिथेच अडलंय. आपलं पॅनेल डोमेनचं नाव शेवटी स्वतःहून जोडतं, त्यामुळे ते दोनदा झालंय. होस्टमध्ये 'डोमेनकी'पर्यंतच ठेवा, पुढचं पुसा. मग स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवून तीन टिंबांतून मूळ संदेश उघडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, तिन्हींपुढे 'पास' दिसेपर्यंत सभासदांना काही पाठवू नका.

प्रेषक : सचिव

तिन्ही पास! खूप खूप आभार. मघाशी फक्त कार्यकारिणीच्या बारा जणांना पाठवलं, सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पोचलं. आमंत्रण आज रात्री पुन्हा सर्वांना जाईल. आधीचं ज्यांच्या स्पॅममध्ये असेल त्यांनी कृपया 'स्पॅम नाही' दाबा आणि घरातून कितीजण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. दुधाची ऑर्डर शनिवारी सकाळी द्यायची आहे.