सिल्कसाँगला एवढा वेळ का लागला

पैसे मिळाले की गेम बनवणारे सुस्तावतात, म्हणून पुढचा भाग रखडतो, हे नेहमी ऐकू येणारं मत 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' या व्हिडिओ गेमला तरी लागू होत नाही. तो बनवणारी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी म्हणजे मोजकी तीन-चार माणसं. २०१७च्या मूळ 'हॉलो नाइट' गेमला जोड म्हणून त्यातल्याच हॉर्नेट या पात्राचा छोटा भाग करायचा, एवढाच बेत होता. पण हॉर्नेट जुन्या नायकापेक्षा उंच नि चपळ, उडी मारून कड्याला धरते आणि झटक्यात वर चढते. मग जुन्या मापाच्या गुहा तिला पुरतील कशा? गुहा वाढल्या की शत्रूही तिच्या तोडीचे हवेत, आणि हे सगळं हातानं काढायचं! स्वतंत्र गेमची घोषणा फेब्रुवारी २०१९ची, गेम आला ४ सप्टेंबर २०२५ला. काम अडलं नव्हतं, करताना मजा येत होती म्हणून भर पडत गेली, असं त्यांनी सांगितलंय. खेळताना मला ते शंभर टक्के पटतं.