‘ट्रेनिंग बटालियन’ला मराठीत काय लिहावं?

भगूरकर: आजोबांच्या लष्करी कागदांचं घरच्यांसाठी मराठी करतोय. ‘१०/५ मराठा लाईट इन्फंट्री, ट्रेनिंग बटालियन, बेळगाव’ (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची १० वी बटालियन) या ओळीवर अडलोय. मी ‘प्रशिक्षण पलटण’ लिहिलं. मावशी म्हणते, पलटण लढायला जाते, ही कुठे गेली होती?

तोफखाना_नाशिकरोड: मावशींचं खरं आहे. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेत पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांनी १० वी बटालियन रंगरूट, म्हणजे नवे भरती झालेले शिपाई, घडवायला राखली. मराठ्यांची १० वी म्हणजे जुनी ११४ वी रेजिमेंट. लढणाऱ्या बटालियन आणि १० वी यांच्या मधले आकडे मोकळे, युद्ध लागलं की नव्या बटालियन उभ्या करायला. लढणाऱ्या प्रत्येक बटालियनची तिथे आपली ट्रेनिंग कंपनी असायची. शिकवणारे नाईक-हवालदार त्याच बटालियनमधून यायचे आणि मुदत संपली की परत जायचे. ते रेजिमेंटचं माहेर होतं. दुसऱ्या महायुद्धात भरती इतकी वाढली की त्याचंच रेजिमेंटल सेंटर झालं.

शुद्धमराठी: ‘प्रशिक्षण वाहिनी’ लिहा. भगूर सावरकरांचं गाव. त्यांनी घडवलेले महापौर, दिग्दर्शक हे शब्द रुळले, मग हाही रुळेल.

देवळालीची_ताई: काका, वाहिनी म्हटलं की आज टीव्हीच डोळ्यांपुढे येतो. राज्य राखीव पोलिसांत बटालियनला सरळ ‘गट’ म्हणतात.

शुद्धमराठी: गट राजकारण्यांचे असतात, ताई. सैन्याला सैन्याचा शब्द हवा.

जुनी_मोडी: पलटण का नको? महादजी शिंद्यांच्या फौजेत डी बॉयन या युरोपी सेनानीच्या कंपूत पलटणीच होत्या. तो फ्रेंच बोलणारा, म्हणून मूळ फ्रेंच ‘पेलोतों’ (तुकडी) असावं.

तोफखाना_नाशिकरोड: इंग्रजांकडूनही आला असेल. शिकवणाऱ्यांचं म्हणाल, तर माझे वडील नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला (तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्राला) शिकवायचे. त्यांना पोरं हुद्द्याने नाही, ‘उस्ताद’ म्हणूनच हाक मारत. पहाटे मैदानावर ‘उस्ताद, पट्टा तुटला!’ अशी हाक यायची.

शुद्धमराठी: उस्ताद फारसी. ‘प्रशिक्षक’ काय वाईट?

तोफखाना_नाशिकरोड: लिहायला चांगला आहे. पण ज्यांनी हाक मारली त्यांचा शब्द आपण का पुसायचा? हवालदार, सुभेदारही फारसीच, तेही काढायचे?

भगूरकर: आजोबांच्या कागदात पुढे १९४३, छिंदवाडा आहे. तिथे काय होतं?

जुनी_मोडी: १४ वी डिव्हिजन. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या लढाईहून परतल्यावर तिला ट्रेनिंग डिव्हिजन केलं. सेंटरमधून तयार झालेले रंगरूट तिथे जंगलातली लढाई शिकायचे. तशीच ३९ वी सहारनपूरला.

शुद्धमराठी: डिव्हिजनला ‘विभाग’ लिहा.

देवळालीची_ताई: विभाग वीज मंडळाचाही असतो. आणि पलटणीचं काय ठरलं?